करचं पुराण, पुन्हा एकदा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल "सरांनी मला बारक्या मुलींना शिकवायला लावलंय, म्हणजे माझं खेळणं संपलंच," म्हणालीस आणि फोन ठेवलास. आई म्हणाली, लगेच परत लावू नका. म्हणून पत्र. शिवाय फोनवर मी त्या अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टीव्ह करचं नाव काढलं की तुझं "झालं बाबांचं सुरू" ठरलेलं. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तुझ्यासारखाच करचा गुडघाही गेला होता, १९८६ मध्ये, अमेरिकेकडून खेळताना. पुढचा अख्खा हंगाम घरी. त्याआधी दोन वर्षांपूर्वी बैरुतमध्ये त्याच्या वडिलांची गोळ्या घालून हत्या झाली होती. ते तिथल्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. पोरगा अठरा वर्षांचा. दोन दिवसांनी तो ॲरिझोना विद्यापीठाच्या संघाकडून सामना खेळला. कसा खेळला असेल, हे मला बाप म्हणून अजून उमगत नाही.

एनबीए म्हणजे तिथली व्यावसायिक लीग. तिचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर पन्नासावा. पंधरा हंगामांत लीगचे ९१० सामने खेळला, पण सुरुवातीच्या पाचांत फक्त ३० वेळा. बाकी बेंचवर, आपली पाळी येण्याची वाट बघत. तरी पाच विजेतेपदं, आणि थ्री-पॉइंटरची, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची, टक्केवारी ४५.४, आजही कोणाला न गाठलेली.

मला मात्र त्याचं २०१४-१५ चं वर्ष जास्त आवडतं. कोचिंगचा काडीचा अनुभव नसताना एनबीएतल्या वॉरियर्स संघानं त्याला कोच केलं. त्यानं आंद्रे इगुडालाला बेंचवर बसायला सांगितलं. तोवरचे ७५८ सामने सुरुवातीपासून खेळलेला माणूस! त्याला काय वाटलं असेल, हे करला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. फायनलमध्ये संघ २-१ ने मागे पडला, तेव्हा चौथ्या सामन्याला इगुडालालाच पहिल्यापासून उतरवलं. पुढचे तिन्ही सामने जिंकले, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू इगुडाला.

ती कल्पना करची नव्हतीच. निक यू'रेन नावाचा तरुण सहायक, रात्री जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघत बसलेला, त्याची होती. करनं सामन्यानंतर ते पत्रकारांना सरळ सांगून टाकलं. (संघ बदलणार नाही, असं त्याच पत्रकारांना आधी खोटं सांगितलं होतं, तेही कबूल केलं. तू असलं काही करू नकोस.)

जिल्ह्याच्या त्या सेमीफायनलला तू पट्टी बांधून बेंचवर होतीस. "ती डावीकडूनच शिरते, उजवा हात चालत नाही तिचा," असं ओरडून तूच सांगितलंस. मी मागच्या रांगेत होतो. सरांनीही ऐकलं होतं, मी त्यांच्याकडे बघत होतो.

व्यायाम चुकवू नकोस, संध्याकाळी बर्फ लाव. शनिवारी येणाऱ्या काकांबरोबर डिंकाचे लाडू पाठवतो आहे. आणि पहिल्या दिवशी त्या पोरींना काय शिकवलंस, लेअप की पास?

तुझे,
बाबा