चुकलेल्या चौकटीवर नुसती फुली नको

संपादक महोदय,

सहामाहीचे तपासलेले पेपर सध्या घरोघरी आले आहेत. आमच्या गल्लीतली चौथी-पाचवीची मुलं संध्याकाळी गणिताला माझ्याकडे बसतात, म्हणून मीही ते पाहिले. दोन अंकी संख्यांचा चौकट पद्धतीने केलेला गुणाकार जिथे चुकला, तिथे एक लाल फुली आणि शून्य गुण. चार खान्यांपैकी कोणता चुकला, याची खूण कुठेच नाही. या पद्धतीत मुलाची चूक उघडी समोर दिसते आणि तरी आपण ती बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

४७ × ३६ घ्या. ४७ चे ४० आणि ७ चौकटीच्या वर, ३६ चे ३० आणि ६ बाजूला. प्रत्येक खान्यात वरच्या आणि बाजूच्या संख्येचा गुणाकार: १२००, २१०, २४० आणि ४२, बेरीज १६९२. आता एका मुलाचं उत्तर ९९ येतं. त्याने वर ४ आणि ७, बाजूला ३ आणि ६ असे सुटे अंक लिहिलेले असतात. १२, २१, २४, ४२ हे चारही गुणाकार बरोबर, बेरीजही बरोबर. म्हणजे पाढे पक्के आहेत, कच्ची आहे ती स्थानिक किंमत. अशा मुलाला पुन्हा पाढे लिहायला बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दुसऱ्याचं उत्तर ६१२. त्याचे तीन खाने बरोबर. फक्त ४० × ३० चे त्याने १२० केले. विचारलं की म्हणतो, ‘‘बाई, शून्य दिलंय की!’’ दशकाला दशकाने गुणलं की शतक होतं, हे त्याला कोणी दाखवलेलंच नाही. ५० × ४० ला तर भलीभली मुलं २०० लिहितात, कारण पाच चोक वीसमधलं शून्य त्यांनी आधीच धरलेलं असतं. तिसऱ्याचे चारही खाने बरोबर, पण बेरजेला संख्या डावीकडून एकाखाली एक मांडल्या, उत्तर ९९००. त्याला चौकटीची वही द्या, एककाखाली एकक येऊ द्या, बस्स.

सगळ्यांत फसवी चूक १२४२ ची. ४० × ३० आणि ७ × ६ एवढंच करून मूल थांबतं. तिरपे दोन खाने, म्हणजे २१० आणि २४०, राहूनच जातात. अंदाज घ्यायला शिकवलं (४० × ३० पेक्षा जास्त, ५० × ४० पेक्षा कमी, म्हणजे १२०० ते २००० च्या मध्ये) तर ९९, ६१२ आणि ९९०० लगेच पकडले जातात. १२४२ मात्र त्यातून सुटतं, एककाचा अंकही बरोबर येतो. हीच चूक पुढे बीजगणितात (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग अशी येते. तिथे ती काढता काढता शिक्षक थकतात.

माझा उपाय आलेख कागदाचा. त्यावर ४७ मिलिमीटर लांब, ३६ मिलिमीटर रुंद आयत आखायला लावते. आत सेंटिमीटरचे पूर्ण चौरस बारा भरतात, प्रत्येकात शंभर बारीक घरं. तेच १२००. उरलेल्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यातली ४२ घरं डोळ्यांना दिसतात, मग पट्ट्या विसरायच्या कशा?

पालकांची तक्रार असते की ही नवी थेरं कशाला, आपली उभी मांडणी बरी. उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीत एककाच्या जागी द्यायची फुली राहिली की २८२ आणि १४१ मिळून ४२३ होतात. चूक स्थानिक किमतीचीच, फक्त दिसत नाही. आणि संख्या फोडून गुणणं नवं नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणताना १२ चे ८ आणि ४ करून १०८० व ५४० मिळवले आहेत. उभी मांडणी मुलांना यायलाच हवी, पण चौकट समजल्यावर.

पेपर तपासणाऱ्या शिक्षकांवर कामाचा केवढा बोजा आहे हे मी नोकरीत असताना अनुभवलं आहे. तरीही विनंती करते: चुकलेल्या खान्याभोवती गोल करा आणि बरोबर खान्यांचे गुण द्या. पालकांनीही ‘किती मिळाले’ विचारण्याआधी मुलाला त्या गोलातला गुणाकार पुन्हा करून दाखवायला सांगावं.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कोरेगाव (जि. सातारा)