निगेटिव्ह आलं ते काय?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, चढायला नको होता. "बाबा, टेस्ट निगेटिव्ह आलीये, आता हा विषय बंद," एवढंच तू म्हणालीस आणि मी लगेच आप्पाकाकांचं नाव काढलं. तू फोन ठेवलास यात तुझी चूक नाही. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतेय. म्हणून लिहायला बसलो. कागदावर निदान ओरडता येत नाही.

तुझं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, वाढलेलं निघालं, म्हणून ती जनुकाची टेस्ट झाली. विचारायचं एवढंच आहे, की निगेटिव्ह आलं ते काय?

तू राहतेस त्या आयर्लंडमध्ये हा शरीरात लोह साठण्याचा आजार घरोघरचा. तिथे दर ८३ माणसांत एकाकडे सी२८२वाय या जनुकीय बदलाच्या दोन प्रती, आईबापांकडून एकेक, असतात, पाचांत एक जण एक प्रत बाळगून असतो. जगात इतकं प्रमाण दुसरीकडे नाही. रॅथलिन बेटावरच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या हाडांतही हा बदल सापडला, २०१५ साली ते छापून आलं. तेव्हा फेरिटिन वाढलेलं दिसलं की तिथले डॉक्टर आधी तोच बदल शोधणार. त्यांना मी दोष देत नाही.

पण आपल्या लोकांत तो जवळजवळ नसतोच गं. अमेरिका आणि कॅनडात सुमारे १ लाख लोक तपासले होते, त्याचे आकडे २००५ साली आले. गोऱ्यांत दोन प्रती असलेले ०.४४ टक्के, म्हणजे हजारात चार-साडेचार. आशियाई वंशाच्या लोकांसाठी अंदाज निघाला कोटीत चार! तुझी टेस्ट निगेटिव्हच येणार होती, मनू. तुला आयरिश लोकांचा नेहमीचा बदल नाही, एवढंच तिने सांगितलं. लोह का वाढलंय, ते कुठे सांगितलं?

आपल्याकडे हा आजार क्वचित होतो, पण होतो तेव्हा बहुधा दुसऱ्याच जनुकांमुळे. हेमोज्युव्हेलिन आहे, त्याचा तिशीच्या आतच हृदयाला त्रास होतो. ट्रान्सफरिन रिसेप्टर २ आहे. फेरोपोर्टिनचा दोष तर सगळ्याच वंशांत आढळतो आणि त्याची एकच प्रत पुरते, आईबापांपैकी एकाकडून आलेली. हे वाचलं त्या रात्री मी झोपलो नाही. आप्पा माझे सख्खे भाऊ, आणि त्यांचं दुखणं हेच असणार.

थॅलेसेमिया, यकृतावरची चरबी, कुठलीशी सूज, साधा ताप, यांतल्या कशानेही फेरिटिन वाढतं, हेही वाचलंय. त्यातलंच काही असेल. असू दे, देवा, त्यातलंच असू दे.

आता जे लिहितोय ते खरं तर आईने लिहायला हवं, पण ती म्हणते तुमचा विषय तुम्हीच निस्तरा. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही. दिवसाला १-२ मिलिग्रॅम आत येतं, तेवढंच जातं. बायकांना पाळीमुळे थोडं संरक्षण मिळतं, म्हणून त्यांच्यात हा आजार उशिरा उघडकीला येतो. तुझ्या वयात फेरिटिन कमी निघालं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. झालं, लिहिलं एकदाचं.

आप्पाकाकांबरोबरचा कॅरम आठवतो? स्ट्रायकर मारताना त्यांचं बोट आखडायचं आणि सोपी सोंगटी चुकायची. तुला वाटायचं काका मुद्दाम हरतात. मलाही तसंच वाटायचं. या आजारात अंगठ्याशेजारच्या दोन बोटांचे सांधे आधी धरतात, हे मला गेल्या महिन्यात कळलं. रंग काळवंडला तेव्हा आम्ही म्हणालो, उन्हात फार फिरतात. मग मधुमेह आला, मग यकृत. एका डॉक्टरांनी वहिनींसमोर त्यांना तीनदा विचारलं, रोज किती पिता? आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस! ते नुसते हसले. दक्षिण आफ्रिकेतही लोह साठण्याचा सगळा दोष लोखंडी पिंपात आंबवलेल्या घरच्या बिअरवरच टाकला होता, आणि पुढे तिथेही जनुकाचा संशय आला. आप्पांवर तर बिअरचाही दोष नव्हता. वेळीच कळलं असतं तर दर आठवड्याला एक बाटली रक्त काढायचं, एवढाच उपचार. एका बाटलीबरोबर २००-२५० मिलिग्रॅम लोह जातं.

बघ, पुन्हा व्याख्यान झालं. तू चौतीस वर्षांची आहेस, परक्या देशात एकटीने सगळं उभं केलंस, आणि बाप तुला फेरिटिन शिकवतोय. माफ कर. टक्केवारी मला नीट समजली ती तूच दहावीत असताना समजावलीस म्हणून, हे मी चारचौघांत अजून सांगतो.

तरी एक कर. ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय तो आकडा, पुन्हा बघायला सांग. ४५ टक्क्यांच्या वर असेल तर काकांची हकिकत डॉक्टरांना सांग आणि बाकीची जनुकं तपासता येतील का, ते विचार. आणि ते ४५ च्या आत आलं म्हणून लगेच उठून येऊ नकोस, फेरोपोर्टिनमध्ये सुरुवातीला ते वाढतच नाही म्हणे. यकृतातलं लोह एमआरआयवर मोजता येतं. एकदाच विचार, मग मी हा विषय काढणार नाही. (आई हसतेय.)

माझं रक्त गुरुवारी देतोय. इतके दिवस टाळलं, कारण माझ्यात निघालं तर तुला ते माझ्याकडूनच आलं असं होईल. आकडा आला की आधी तुला कळवेन.

तुझा,
बाबा

ता. क. त्या लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत का? तेवढं फोनवर विचारायचं राहिलं.