‘ब्लूटूथ आहे’ एवढेच सांगून श्रवणयंत्रे विकू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रवणयंत्रांच्या जाहिराती आपल्या दैनिकात हल्ली वरचेवर दिसतात. पूर्वी त्यांत यंत्र किती लहान आहे आणि कानात घातल्यावर ते कोणाला दिसणारही नाही, यावर भर असे. आता मोबाइलला आणि टीव्हीला ब्लूटूथने जोडता येते, हे ठळक अक्षरांत छापलेले असते. अशाच एका वाक्यावर विश्वासून मी दोन वर्षांपूर्वी यंत्रांची जोडी घेतली आणि पुढचे आठ महिने ती माझ्या फोनला व कचेरीतल्या संगणकाला जोडण्याच्या खटपटीत घालवले. माझी तक्रार यंत्रांबद्दल नाही, ती चांगलीच आहेत. तक्रार ‘ब्लूटूथ’ या एका शब्दाबद्दल आहे, कारण श्रवणयंत्राच्या बाबतीत त्या शब्दाचे निदान चार वेगवेगळे अर्थ होतात आणि आपल्याला त्यांतला कोणता अर्थ विकला जात आहे हे मला ना खोक्यावर आढळले, ना पावतीवर, ना जाहिरातीत.

मी ५६ वर्षांची असून मुंबईतल्या एका पतपेढीत हिशेबाचे काम करते. माझ्या दोन्ही कानांना चढ्या पट्टीतले आवाज कमी येतात. समोरचा बोलतो आहे हे कळते, स्वर नीट ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजने गळून पडतात. समोरासमोर ओठांकडे पाहून निभावते. दर सोमवारी शाखांची बैठक संगणकावर होते, तिथे मात्र ओठ धूसर असतात आणि आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून पंख्याची घरघर व खालच्या रस्त्यावरचे हॉर्न सोबत घेऊन येतो. अशाच एका बैठकीत एका शाखेने थकीत खाती ‘सदुसष्ट’ सांगितली आणि मी ‘अडुसष्ट’ लिहिली. पहिला ‘स’ कानाआड झाला की या दोन आकड्यांत उरतेच किती? त्या एका खात्यापायी दुसऱ्या दिवशी अर्धी कचेरी ताळा जुळवत बसली होती.

यावर हेडफोन लावा, असा सल्ला अनेक जण देतात. श्रवणयंत्रावर हेडफोन चढवला तर यंत्र शिट्टी मारू लागते. यंत्र काढून हेडफोन लावला तर ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) माझ्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाप्रमाणे, कोणता आवाज किती वाढवायचा हे जे बसवून दिलेले असते, ते सगळे बाजूला पडते. संगणकाचा आवाज बिनतारी मार्गाने थेट यंत्रात उतरावा आणि माझ्या कानाच्या मापाने वाढून ऐकू यावा, एवढीच माझी गरज होती. दुकानदाराला मी ती नेमक्या शब्दांत सांगितली होती. ‘ब्लूटूथ आहे मॅडम, सगळ्याला जोडतं,’ हे त्याचे उत्तर मला आजही शब्दशः आठवते. तो खोटे बोलला असे मला वाटत नाही. त्याला स्वतःला माहीत नव्हते, आणि मला ते अधिक गंभीर वाटते.

घरी आल्यावर यंत्रे मुलीच्या आयफोनला दोन मिनिटांत जोडली गेली. माझ्या अँड्रॉइड फोनवर कंपनीचे ॲप चालले, त्यातून आवाज कमीजास्त करता आला, सेल किती उरला तेही दिसू लागले, पण फोनवरचे बोलणे काही कानात येईना. कारण समजायला तीन आठवडे लागले. ॲपलने आयफोनसाठी श्रवणयंत्रांना आवाज पाठवण्याची स्वतःची पद्धत बसवली, आणि तशी यंत्रे २०१४ पासून बाजारात आहेत. गूगलने २०१८ मध्ये अँड्रॉइडसाठी ‘आशा’ नावाची वेगळी पद्धत जाहीर केली आणि ती अँड्रॉइड १० पासून आली, परंतु प्रत्यक्षात फोन बनवणाऱ्याने ती आपल्या फोनात चालू केलेली असावी लागते. माझ्या फोनच्या कंपनीने केलेली नव्हती. नावातच आशा असल्यामुळे मी बरेच दिवस वाट पाहिली, हा भाग निराळा.

तिसरी पद्धत आपण सगळे गाणी ऐकायला वापरतो ते जुने, साधे ब्लूटूथ. मोजक्या कंपन्यांची श्रवणयंत्रे ते थेट समजतात, आणि ती जवळजवळ कोणत्याही फोनला जोडली जातात. पण ही पद्धत वीज जास्त खाते. चौथी आणि सर्वांत नवी पद्धत म्हणजे ‘एलई ऑडिओ’. ब्लूटूथचे मानक ठरवणाऱ्या संघटनेने ती जानेवारी २०२० मध्ये जाहीर केली. कमी विजेत चांगला आवाज देणारी आणि कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली अशी ही पद्धत आहे, त्यामुळे पुढेमागे हा सगळा गोंधळ तीच मिटवील अशी लक्षणे आहेत. मात्र तिच्यासाठी यंत्र आणि फोन दोन्ही त्या पद्धतीचे लागतात. श्रवणयंत्र हे दर वर्षी बदलण्याची वस्तू नाही. माझ्या जोडीला सव्वा लाखाच्या वर रुपये पडले आहेत.

फोनचे हे असे, तर संगणकाची कथा आणखी निराळी. कचेरीतल्या संगणकाला ब्लूटूथच नव्हते, म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून नखाएवढे डोंगल, म्हणजे यूएसबीच्या भोकात खुपसायचे ब्लूटूथचे उपकरण, आणले. खोक्यावर ‘ब्लूटूथ ५.३’ असे मोठ्या आकड्यात छापलेले होते. संगणकाच्या यादीत माझ्या यंत्रांचे नाव आले, शेजारी ‘जोडले’ असेही उमटले, आणि आवाज शून्य. पुढे कळले ते असे की साधे डोंगल हा केवळ रेडिओ असतो. कोणत्या पद्धतीने आवाज पाठवायचा हे संगणकातली प्रणाली आणि ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्रॅम, ठरवतात. माझी यंत्रे आयफोनची आणि आशाची भाषा बोलणारी, विंडोज जुन्या ब्लूटूथची भाषा बोलणारे. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून एलई ऑडिओची सोय झाली आहे, पण तीही संगणक बनवणाऱ्याने त्याप्रमाणे चिप आणि ड्रायव्हर दिले असतील तरच. आणि खोक्यावरच्या त्या ५.३ आकड्यावरून यातले काहीही सिद्ध होत नाही, कारण नव्या आवृत्त्यांतही एलई ऑडिओ ऐच्छिकच आहे. मोठा आकडा पाहून वस्तू घेणाऱ्या माझ्यासारख्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पैसे वाचतील.

शेवटी मार्ग निघाला तो दोन मध्यस्थांमुळे. पहिला मध्यस्थ श्रवणयंत्राच्याच कंपनीचा स्ट्रीमर. काडेपेटीएवढी ही डबी ओढणीला किंवा गळपट्टीला चिमट्याने लावायची; ती एका बाजूने साधे ब्लूटूथ ऐकते आणि दुसऱ्या बाजूने माझ्या यंत्रांना त्यांच्या भाषेत सांगते. तिने अँड्रॉइड फोनचा प्रश्न त्याच दिवशी सोडवला. दुसरा मध्यस्थ यूएसबीचा ऑडिओ अडॅप्टर. दिसायला तो त्या फसलेल्या डोंगलसारखाच असतो, काम मात्र वेगळे. संगणकाला तो आपण एक साधा यूएसबी हेडसेट आहोत असेच भासवतो आणि ब्लूटूथचा सगळा व्यवहार स्वतःच्या पोटात उरकतो, त्यामुळे ना ड्रायव्हर टाकावा लागतो, ना कचेरीच्या संगणक विभागाची परवानगी काढत बसावे लागते. संगणकातून अडॅप्टर, अडॅप्टरमधून स्ट्रीमर, स्ट्रीमरमधून कान, अशी ती साखळी आहे. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, अडॅप्टरवर मात्र तो भरावा लागला.

साखळी जुळल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी पुन्हा निराशा झाली, आणि तिचे कारण इथे सविस्तर लिहिते, कारण ते मला कोणीही सांगितले नव्हते. बैठकीच्या आधी लावून पाहिलेले गाणे स्वच्छ ऐकू आले. बैठक सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा चिरका आणि बंद झाला, आणि माझे सगळे ‘स’ पुन्हा नाहीसे झाले. साध्या ब्लूटूथमध्ये आवाजाच्या दोन वाटा असतात. एक गाण्यासाठी, भरदार पण एकतर्फी. दुसरी संभाषणासाठी, दुतर्फी पण अरुंद. बैठकीच्या प्रोग्रॅमने स्ट्रीमरचा माइक मागितला, की सगळा आवाज त्या अरुंद वाटेवर ढकलला जातो, आणि तिच्या जुन्या प्रकारात साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचे जवळजवळ काहीच पोहोचत नाही. ‘स’चा बराचसा जीव त्याच्याही वर असतो. उपाय अगदी सोपा निघाला. बैठकीच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून अडॅप्टर निवडायचा आणि माइक म्हणून वेबकॅमचा. माइक वेगळा केला की आवाज गाण्याच्या वाटेवरच राहतो. त्या सोमवारनंतर माझा आकडा चुकलेला नाही, निदान ऐकण्यापायी तरी.

बारीकसारीक कटकटी उरतातच. अडॅप्टर संगणकाच्या मागे, निळ्या जिभेच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारी लावला होता तेव्हा आवाज सारखा तुटायचा, कारण अशा पोर्टांतून आणि केबलींतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. हातभर लांबीची जोडवायर घेऊन अडॅप्टर टेबलावर आणला आणि तुटणे थांबले. ओठांच्या मागून शब्द येण्याचा किंचित उशीर राहिला, त्याची सवय झाली. सेल मात्र आठवड्याऐवजी पाच दिवसांतच संपतात.

एक जुनी, ब्लूटूथचा स्पर्शही नसलेली सोय या सगळ्यात विसरली जाते, ती म्हणजे टेलिकॉइल. यंत्रात तारेचे इवलेसे वेटोळे असते आणि गळ्यात घालायची तारेची माळ फोनच्या किंवा संगणकाच्या हेडफोनच्या भोकात खुपसली, की चुंबकीय क्षेत्रातून आवाज सरळ कानात येतो. पेअरिंग नाही, उशीर नाही, कंपनीकंपनीतला भेद नाही. लोकलमध्ये मोटरच्या डब्याजवळ बसले तर ती गुणगुणते, हे खरे. तरीही दुकानदाराने यंत्र लहान दिसावे म्हणून मला टेलिकॉइल नसलेले मॉडेल दाखवले, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि विचारायचे असते हे मला ठाऊक नव्हते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांचा दोष ६० ते ७० डेसिबलचा असेल तर ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ असे म्हणतात. माझा दोष ५५ डेसिबलचा आहे, तेव्हा कायद्याच्या लेखी मी धडधाकट आहे आणि मला अनुदान नको आहे. परंतु त्याच कायद्याच्या ४२व्या कलमात रोजच्या वापरातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू सर्वांना वापरता येतील अशा रचनेच्या असाव्यात यासाठी सरकारने उपाय योजावेत, असे म्हटले आहे. रचना बदलायला वर्षे लागतील, हे मान्य. एक ओळ छापायला वर्षे लागत नाहीत. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो आणि फ्रीजवर विजेचे तारे असतात. मग लाखाच्या यंत्राच्या खोक्यावर ‘आयफोन पद्धत : आहे, आशा : आहे, साधे ब्लूटूथ : नाही, एलई ऑडिओ : नाही, टेलिकॉइल : नाही’ एवढे छापण्याचे बंधन का नसावे? हीच ओळ फोनच्या आणि संगणकाच्या खोक्यावरही असली, तर गिऱ्हाइकाने दोन खोकी शेजारी धरून पाहिली की झाले.

वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था उभी आहे. कोणत्या मॉडेलचे यंत्र कोणत्या फोनला आणि संगणकाला थेट जोडले जाते आणि कोणत्याला मध्यस्थ लागतो, याचा तक्ता तिने मराठीत प्रसिद्ध करावा आणि तो यंत्रे विकणाऱ्या दुकानांत लावणे सक्तीचे व्हावे, अशी माझी सूचना आहे. कचेऱ्यांनीही असा अडॅप्टर कीबोर्ड-माउससारखा कामाचे साहित्य म्हणून पुरवावा. माझ्या पतपेढीने तो पुरवला नाही; मी मागितला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगते. आपल्याला कमी ऐकू येते हे अर्जात लिहिणे अजून जड जाते.

आणि आपल्याकडे एक मागणी. श्रवणयंत्राची पुढची जाहिरात छापायला घेण्यापूर्वी, ‘ब्लूटूथ म्हणजे कोणते?’ एवढे आपल्या जाहिरात विभागाने जाहिरातदाराला विचारावे आणि मिळेल ते उत्तर जाहिरातीतच छापावे.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)