माझ्या हिरड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. पोतं काट्यावर चढल्याशिवाय आमच्याकडे हिशेबाची पट्टी होत नाही. हिरड्यांच्या बाबतीत मात्र मी वर्षानुवर्षं अंदाजावर चाललो. आधी एका ठिकाणी दात साफ करून घेतले, "आता काळजी नाही" असं ऐकलं आणि निर्धास्त झालो. खालचा दात हलायला लागला तेव्हा विश्रामबागला तुमच्याकडे आलो.

तुम्ही खुणांची बारीक सळई हिरडीच्या कडेनं अलगद आत सरकवलीत आणि दात-हिरडीमधली फट किती खोल आहे त्याचे आकडे सांगायला लागलात. "तीन, दोन, सहा. रक्त." सहायक ताई लिहून घेत होत्या. एका दाताच्या सहा जागा, माझे दात २७, म्हणजे १६२ आकडे! तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. माझ्या दाढांना सहा-सात निघाले. भूल देऊन चार बैठकांत हिरडीखालचं कीटण काढलंत. ऑपरेशन टळलं.

आठ आठवड्यांनी पुन्हा सगळं मोजलंत. सहाचे बरेचसे चार झाले होते, मी खूश. तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून तुम्ही समजावलंत की सूज उतरून हिरडी आकसली तरी आकडा घटतो, गेलेलं हाड भरून आलं असा त्याचा अर्थ नाही. म्हणून हिरडी किती सरकली तेही वेगळं लिहिलंत. इतकं खरं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सिगारेट सोडली आणि ब्रशला रक्त दिसायला लागलं, तेव्हा घाबरून रात्री फोन केला होता. "धुरानं रक्तवाहिन्या आकसून रक्त दबलेलं असतं, ते आता दिसतंय. ब्रश थांबवू नका," म्हणालात. त्या एका वाक्यावर मी पुन्हा सिगारेटकडे वळलो नाही.

पण खरे आभार तिसऱ्या तपासणीचे. वरच्या उजव्या शेवटच्या दाढेमागे चारचे पुन्हा सहा झाले होते. दुखत नव्हतं, मला पत्ताच नव्हता. तुम्ही लगेच विचारलंत, "साखर कधी तपासली?" साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ८.४ टक्के, म्हणजे वाढलेली निघाली. लग्नसराईत मधुमेहाच्या गोळ्या चुकल्या होत्या. तेवढी जागा पुन्हा साफ केलीत, माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी स्वतः बोललात. आज तिथे चार आहे आणि रक्त नाही.

खालचा दात अजून थोडा हलतो. तो तसाच राहील, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. पण दीड वर्षात त्याचा आकडा वाढलेला नाही.

पुढची तारीख दसऱ्यानंतरची आहे. येताना मंडळींनाही घेऊन येतोय. तिच्याही हिरड्यांतून रक्त येतं, इतकी वर्षं आम्ही त्याला उष्णता म्हणत होतो. तिचेही आकडे लिहून घ्या.

तुमचा,
मार्केट यार्डातला पेशंट