साईड पोस्टिंगवरून मित्रास

कोल्हापूर

प्रिय गड्या,

पोलीस कंट्रोल रूमला माझी बदली झाल्याचं कळल्यावर फोनवर तू जो हसलास तो आवाज अजून कानात आहे. ‘कंट्रोलला? मजा आहे, एसीत बसून पगार!’ खात्यातही बऱ्याच जणांचं मत असंच असतं. ज्याला पोलीस ठाणं मिळालं नाही, तो कंट्रोलला. तेव्हा तुला चार शिव्या घालून फोन ठेवला, पण सांगायचं राहिलंच. काल पहिला वळीव धो धो कोसळला, रात्र वायरलेस सेटसमोर गेली. आता झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

आधी कामाची रीत सांगतो. तू मदतीसाठी ११२ लावलास की फोन आमच्याकडे येत नाही. तो नवी मुंबईला नाहीतर नागपूरला उचलला जातो. तिथून नोंद आमच्या पडद्यावर येते आणि आम्ही जवळच्या गाडीला पाठवतो. गाडीतल्या यंत्रावर ठिकाण दिसतं. वाचायला सोपं वाटतं. पण घाबरलेला कोल्हापूरकर पत्ता सांगतो ‘पापाच्या तिकटीवरनं खाली, तालमीम्होरं’. नवी मुंबईच्या पोरीला तालीम कुठली ते काय कळणार? नकाशावरचा ठिपकाही कधी कधी भलतीकडेच पडतो. म्हणून माझ्याकडे एक जुना हवालदार आहे, त्याला मी दुसरीकडे जाऊच देत नाही. निम्मा जिल्हा त्याला तोंडपाठ आहे.

काल रात्री एकामागून एक तीन नोंदी आल्या. ‘वडाप (शेअर जीप) वाहून गेलं.’ ‘ओढ्यात जीप, आत पाच माणसं.’ ‘पुलावर गाडी पलटी.’ गावं तीन, वेळ जवळपास एकच. अशा वेळी खोलीतला प्रत्येक जण हात सेटकडे नेतो, सगळ्या गाड्या एकदम सोडाव्यात असं वाटतं. मी तिघांनाही उलट फोन लावायला सांगितले. एकच प्रश्न: तुम्ही स्वतः बघितलं का, आणि कुठे उभं राहून? दोघांनी ऐकलं होतं. तिसरा पुलाच्या अलीकडे उभा होता. गाडी एकच, फरशी पुलाच्या कठड्याला अडकलेली. माणसं गावकऱ्यांनी दोरानं आधीच बाहेर काढली होती. एक गाडी तिकडे धाडली. दुसरी मात्र वरच्या अंगाच्या पुलावर आडवी लावायला सांगितली, कारण पाणी तिथेही चढणार होतं आणि मुंबईहून येणाऱ्या रातराण्या त्याच रस्त्यानं येतात. पहाटे तो पूल पाण्याखाली गेला. पलीकडे तीन ट्रॅव्हल्स उभ्या होत्या आणि ड्रायव्हर आमच्या पोरांशी हुज्जत घालत होते. घालू देत.

माझी खुर्ची आहे ती एवढ्यासाठी. फोन मी घेत नाही, सेटवर फारसं बोलत नाही. साहेब स्वतः माईक ओढून बसले, तर बाकीच्या जिल्ह्यात काय चाललंय हे बघायला कोणी उरत नाही. भिंतीवरच्या फळ्याचे मी दोन भाग केलेत: ‘कळलं’ आणि ‘खात्री झाली’. डावीकडचं उजवीकडे न्यायचं तर कोणी सांगितलं आणि किती वाजता, हे लिहावं लागतं. वरून फोन येतात, कुणाचे पीए, वार्ताहर, ‘आकडा किती?’ मी फक्त उजवीकडचा सांगतो. शून्य असेल तर शून्य. एक-दोन बड्या माणसांचा राग ओढवलाय त्यापायी.

मुंबईच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीबद्दल आपण कितीदा वाद घातलेत. कंट्रोलमध्ये बसल्यापासून मला ती रात्र वेगळी दिसते. लिओपोल्ड, सीएसटी, ताज, ट्रायडंट, नरिमन हाऊस, वर विलेपार्ले आणि वाडीबंदरला टॅक्सीत फुटलेले बॉम्ब. दहा माणसं होती, पण ऐकणाऱ्याला अख्ख्या शहरभर फौज उतरल्यासारखं वाटावं. आणि त्याच गदारोळात एक छोटा निरोप नीट पोचला: अतिरेक्यांनी पळवलेली स्कोडा. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीला कशाची वाट बघायची ते ठाऊक होतं, म्हणून गाडी अडली. पुढे तुकाराम ओंबळ्यांनी जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यापर्यंत निरोप पोचवणाऱ्यांची आठवण मात्र कुणी काढत नाही. मी काढतो, धंद्याचा भाऊबंद म्हणून.

खरी कसोटी मात्र पुराची. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद. बाहेरून मदत येणार कुठून? शेजारी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी गच्च भरलेली नाव उलटली. तेव्हाच्या ऑपरेटर पोरी आजही सांगतात, माळ्यावर बसलेल्या माणसाला आधी काय विचारायचं: घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, बाळंतीण आहे का, फोनला चार्जिंग किती. मग सांगायचं, फोन बंद ठेवा, दर तासाला पाच मिनिटं चालू करा, आम्हीच लावू. तो फोन ठरल्या वेळी लागलाच पाहिजे, नाहीतर माणूस घाबरून पाण्यात उतरतो. आणि गोठ्यातली म्हैस सोडून बोटीत यायला तयार नसलेल्या म्हाताऱ्याला कायदा सांगून उपयोग नसतो. त्याच्या लेकीला पुण्याहून फोनवर घ्यावं लागतं.

मी इथे आल्यावरच्या अशाच एका रात्री एका पोरीनं दोन तास एका लहान मुलाला फोनवर बोलतं ठेवलं. कुठल्या इयत्तेत, बाई कोण, डब्यात काय आवडतं. बोट पोचल्यावर तिनं हेडफोन काढला आणि तशीच पुढची नोंद घ्यायला लागली. मी तिला उठवून घरी पाठवलं. ती चिडली माझ्यावर. पण ज्यानं असा फोन घेतला त्याला लगेच दुसरा द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. मनुष्यबळ कमी असलं तरी मी तो मोडत नाही.

आता तुझ्याकडे काम. तुमच्या ट्रेकर मंडळींपैकी दोर, लाईफ जॅकेट, रबरी बोट कुणाकडे आहे, रात्री फोन कोण उचलतो आणि पोहता येतं असं नुसतं म्हणणारे कोण, याची यादी जूनच्या आत पाठव. शेवटच्या रकान्यात तुझं स्वतःचं नाव प्रामाणिकपणे घाल. राजाराम तलावात काय झालं होतं ते मला आठवतंय. वहिनींना नमस्कार, चिल्ल्यापिल्ल्यांना आशीर्वाद.

तुझाच,
कंट्रोलवाला