संकल्पातले १९७ कोटी आणि हेलियमचा पाव हिस्सा

महोदय,

विश्वाच्या उत्पत्तीचा विषय निघाला की ‘पुराणांनी हे आधीच सांगितलंय’ असे म्हणणारे हमखास भेटतात. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी. आकडे जवळ दिसतात खरे. पण पूजेआधी भटजी सांगतात तो संकल्प नीट ऐकावा: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युग, कलीचा प्रथम चरण. म्हणजे ब्रह्मदेवाच्या दिवसातल्या चौदा मन्वंतरांपैकी सातवे चालू आहे, दिवस अजून अर्धाही सरलेला नाही. सरलेली सहा मन्वंतरे आणि त्यांच्या आगेमागच्या सात संधी (जोडकाळ) मिळून १८५ कोटी २४ लाख वर्षे, त्यावर २७ महायुगांची (महायुग म्हणजे चार युगांचा एक फेरा) ११ कोटी ६६ लाख, मग कृत, त्रेता, द्वापर यांची ३८ लाख ८८ हजार आणि कलीची पाच हजारांवर. बेरीज साधारण १९७ कोटी. ऑस्ट्रेलियात सापडलेले झिरकॉन या खनिजाचे कण मात्र ४४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पंचांगाची कालगणना सुंदर आहे, पण तिच्यातला जुळेल तेवढाच आकडा उचलणे हा तिचाही अपमान आहे.

विज्ञानाचा दावा कसा तपासला जातो, हे हेलियमवरून कळते. महास्फोट सिद्धांताप्रमाणे विश्व आरंभी अतितप्त होते असे मानले, तर पहिल्या काही मिनिटांत, तापमान १०० कोटी अंशांच्या आसपास उतरताना, सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरतो. १६ कण घ्या: १४ प्रोटॉन, २ न्यूट्रॉन. दोन न्यूट्रॉन दोन प्रोटॉनांशी जुळून हेलियमचे एक केंद्रक होते, बाकीचे १२ हायड्रोजन राहतात. वस्तुमानात हेलियम १६ पैकी ४, म्हणजे पाव हिस्सा. ताऱ्यांच्या राखेची फारशी भेसळ न झालेल्या दीर्घिकांमधल्या वायूत प्रत्यक्ष मोजमाप २४-२५ टक्केच येते. ते १० टक्के आले असते तर सिद्धांत मोडीत निघाला असता. त्याच मिनिटांत बनलेल्या लिथियमचा हिशेब मात्र बसत नाही: जुन्या ताऱ्यांत तो अपेक्षेच्या जेमतेम एकतृतीयांश सापडतो, आणि हे शास्त्रज्ञच उघड सांगतात. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी तर आयुष्यभर महास्फोटाला विरोध केला, तोही निरीक्षणांच्या आधारे.

महास्फोटाने देव बाद झाला असे म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचेही चुकते. महास्फोट म्हणजे ‘शून्यातून विश्व’ नव्हे. तप्त, दाट अवस्थेपासून पुढचे प्रसरण एवढेच तो सांगतो. त्यातून देव नसल्याचे सिद्ध होत नाही, असल्याचेही नाही. हा सिद्धांत मांडणारे लेमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोपनी त्यात सृष्टिनिर्मितीचा आधार पाहिला, तेव्हा ते लेमेत्रांनाच रुचले नाही. आपले ऋग्वेदातले नासदीय सूक्तही शेवटी म्हणते की हे कसे झाले ते वरचा अध्यक्ष जाणतो, किंवा तोही जाणत नसेल. एवढा मोकळा प्रश्न महास्फोटाचा दाखला म्हणून कशाला वापरायचा?

एक सूचना. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांना १८६८ च्या सूर्यग्रहणात इथूनच हेलियम सापडला अशा समजुतीने १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियमची आठवण काढली जाते. पण त्या ग्रहणावेळी लॉकयर भारतात नव्हते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. माहितीफलकावर हे साल लिहावे आणि खाली वरचा १६ कणांचा हिशेब मांडावा. आठवीतल्या मुलालाही तो करून पाहता येईल.

— एक विज्ञान शिक्षक, देवगड (जि. सिंधुदुर्ग)