जन्मनोंद नसल्याचा दाखला तरी नीट द्या

संपादक महोदय,

अमेरिकेत नागरिक झालेली मुले आईवडिलांना कायमचे बोलावून घेतात, तेव्हा साठी-सत्तरीतल्या या मंडळींना व्हिसाच्या मुलाखतीसाठी जन्मदाखला लागतो आणि कार्यालयांचे उंबरठे झिजवणे सुरू होते. बरीचशी धावपळ चुकीच्या दिशेने होते, म्हणून हे पत्र.

दाखल्याचा कागद नुसता हरवला असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. नोंदवहीत नोंद असली की निबंधकाकडून प्रमाणित उतारा पुन्हा मिळतो आणि तो चालतो. त्यावर आईवडील दोघांची नावे आहेत ना, एवढे पाहावे. नोंदच झालेली नसेल तर मार्ग वेगळा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांची नोंद नाही, हे वकिलातीलाही माहीत आहे. अशा वेळी अनुपलब्धता प्रमाणपत्र (म्हणजे जन्माची नोंद नसल्याचा दाखला), शाळा सोडल्याचा दाखला किंवा एसएससीचे प्रमाणपत्र आणि नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र असा संच तयार करावा.

अर्ज करण्याआधी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, जरूर पाहावा. तिथे बाळाच्या नावाने शोधले तर हाती काही लागत नाही, कारण पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, तारीख आणि पुढे फक्त ‘मुलगी’ असते. वडिलांच्या नावाने, सांगितलेल्या वर्षाच्या दोन-तीन वर्षे मागेपुढे शोधावे. काही पाने मोडी लिपीत असतात, तिथे जाणकार लागतो. नोंद सापडली तर तिची नक्कल आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा एकत्र जोडावा.

इथेच १ जूनचा घोळ समोर येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे टाकलेली ती तारीख पुढे पासपोर्टवर गेलेली असते आणि नमुना १४ मध्ये भलताच महिना निघतो. सापडलेली नोंद लपवू नये. दोन्ही कागद द्यावेत आणि फरक का पडला ते प्रतिज्ञापत्रात सरळ लिहावे. खोटा कागद दिल्याचे उघडकीला आले तर व्हिसा कायमचा बंद होऊ शकतो.

प्रतिज्ञापत्र आईवडिलांचे, ते हयात नसतील तर अर्जदारापेक्षा वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचे. नोटरीकडच्या तयार मसुद्यात ‘मी यांना चांगले ओळखतो’ एवढेच असते, ते पुरत नाही. नाते काय, जन्माची माहिती कशी, तारीख, गाव, आईवडिलांची पूर्ण नावे, हे सगळे हवे. लग्नानंतर बाईंचे नावही बदलले असेल तर माहेरचे नाव आणि विवाहाचा दाखला जोडावा. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर लागते. आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे.

‘नवा दाखलाच काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांपासून मात्र सावध राहावे. वर्षापेक्षा जास्त उशिराच्या नोंदणीला जिल्हाधिकारी, उपविभागीय किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि २०२५ पासून राज्यात या अर्जांची छाननी कडक झाली आहे. शिवाय दाखल्यावर नोंदणीची तारीख छापलेली असते. जन्म १९५६चा आणि नोंदणी यंदाची दिसली की अधिकारी जुना पुरावा मागणारच. मग तोच आधी का गोळा करू नये?

खरी अडचण अनुपलब्धता प्रमाणपत्राची आहे. कायद्याच्या कलम १७ खालचे हे प्रमाणपत्र जन्मगावच्या ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने किंवा महापालिकेने द्यायचे असते. कित्येक ठिकाणी लेटरहेडवर ‘नोंद आढळून येत नाही’ एवढी एक ओळ आणि शिक्का मिळतो. कोणाची नोंद, कोणत्या वर्षाची, काहीच कळत नाही आणि वृद्ध माणसाला गावी पुन्हा खेप पडते. अर्जदाराचे व आईवडिलांचे नाव, जन्मतारीख, ठिकाण आणि तपासलेल्या नोंदवह्यांची वर्षे लिहिल्याशिवाय हे प्रमाणपत्र देऊ नये, असे परिपत्रक ग्रामविकास व नगरविकास विभागांनी काढावे. तोवर अर्जदारांनी हा तपशील पासपोर्टवरील स्पेलिंगसह टंकून अर्जालाच जोडावा आणि प्रमाणपत्र हाती घेताना काउंटरवरच वाचून पाहावे.

– स्थलांतराच्या कागदपत्रांचे काम करणारा एक वाचक, पुणे